चाकाखाली कुणाची जमीन?

२०१९ च्या सुमारास भारतात एक अजब ट्रॅक्टर विकायला आला. चार जाड, फुगीर टायर, मोटारसायकलचं हँडल, टांग टाकून बसायची सीट आणि किंमत आठ लाखांच्या घरात. अमेरिकेच्या पोलारिस कंपनीची ही स्पोर्ट्समन ५७०. जगभर लोक ही गाडी वाळूत, चिखलात, डोंगरउतारावर निव्वळ मजा म्हणून उधळतात आणि तिला एटीव्ही म्हणतात. आपल्याकडे ती रस्त्यावर आणायची तर सरकारी मान्यता हवी, आणि ती मान्यता मिळाली ट्रॅक्टर म्हणून! केंद्रीय मोटार वाहन नियमांत कृषी ट्रॅक्टरची व्याख्या आहे : यंत्राने चालणारं चारचाकी वाहन, शेतकामाची अवजारं जोडता येतील किंवा शेतमालाची ट्रॉली ओढता येईल असं बनवलेलं. गाडीला चाकं चार, मागे हूक. बसली व्याख्येत.

आधी हसू आलं, मग नवल वाटत राहिलं. कायद्याच्या कपाटात ट्रकला खण आहे, रिक्षाला आहे, रोडरोलरलाही आहे. फक्त हौसेपायी रस्ता सोडून जाणाऱ्या गाडीला मात्र स्वतःचा खण नाही. मग अशा गाडीचा विमा उतरवायचा कशाच्या आधारावर? उत्तर शोधायला निघालं की गाडी हळूहळू बाजूला पडते आणि तिच्या चाकाखालची जमीन पुढे येते. ती जमीन कुणाची, तिथे कोण येऊ शकतं, किती वेळा, कुणाच्या परवानगीने, यावर सगळं ठरतं.

सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न वाटतो तितका चैनीचा नाही. इथे रस्ता सोडून चालणाऱ्या गाड्यांचा राजा अर्थातच ट्रॅक्टर. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडून तो फडातून काळ्या चिखलात, चिखलातून पाणंदीवर, पाणंदीवरून हायवेवर येतो. एका खेपेत तीन प्रकारची जमीन तुडवतो. त्याच्या जोडीला आता एमएच १३ आणि अकलूजच्या एमएच ४५ पासिंगच्या थार, जिम्नी आणि गुरखा दिसतात, एक्सपल्स आणि हिमालयनसारख्या दुचाकी दिसतात. शनिवार-रविवारी त्या उजनी धरणाच्या फुगवट्याच्या कडेला किंवा माळरानावर निघतात. शेतावर पर्यटक आणणारे शेतकरीही वाढलेत. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. हुरडा, पिठलं-भाकरी, बैलगाडीची फेरी झाली की पुढची मागणी पोरांची असते : ‘ती चार चाकांची गाडी नाही का?’

इथे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातली तीन कलमं शेजारी ठेवून वाचावीत. कलम ३ म्हणतं, सार्वजनिक जागेत गाडी चालवायला लायसन्स हवं. कलम १४६ म्हणतं, सार्वजनिक जागेत गाडी वापरायची तर थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा हवा. कलम ३९ नोंदणीबद्दल बोलतं, आणि तिथे ‘सार्वजनिक जागेत किंवा इतर कोणत्याही जागेत’ असं लिहिलेलं आहे. म्हणजे स्वतःच्या दहा एकरांत, चारी बाजूंनी कुंपण घालून फिरवायची मोटारही पासिंग झालेली हवी. पण त्याच दहा एकरांत विम्याची सक्ती नाही. कायदा एक, गाडी एक, माणूस एक, आणि तीन कलमांच्या नजरा दोन.

कायद्याच्या दृष्टीने ‘मोटार वाहन’ नसलेल्या गाड्याही आहेत, पण ती यादी फार छोटी. रुळांवर चालणारी, फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनवलेली, आणि चारपेक्षा कमी चाकांची, पंचवीस सीसीपर्यंतची. शेवटची सवलत नीट वाचा. दोन किंवा तीन चाकं असतील तरच ती लागू. पेट्रोलवर चालणारी लहान मुलांची चारचाकी क्वाड कितीही बुटकी असली तरी तिला या सवलतीचं दार बंद! आणि बंदिस्त आवाराची पळवाटही वाटते तेवढी रुंद नाही. एक्स्कॅव्हेटर आणि रोडरोलर ही मोटार वाहनंच, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये बोस अब्राहम खटल्यात सांगितलं. ‘आमचं यंत्र कामापुरतं आहे, रस्त्यासाठी नाही’ हे म्हणणं तिथे टिकलं नाही.

आता सगळा भार ‘सार्वजनिक जागा’ या दोन शब्दांवर आला. कायद्याच्या व्याख्येत रस्ता, गल्ली, वाट आणि लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे अशी जागा येते. पण हक्क म्हणजे किती हक्क? १९८८ च्या निकालसंग्रहांत मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा एक निकाल आहे. जमीन खासगी मालकीची असली, तरी लोकांना तिथे प्रवेश असेल, मग तो मोकळा असो की कुठल्याही प्रकारे नियंत्रित, ती सार्वजनिक जागा, असं त्या पीठाने ठरवलं. ‘नियंत्रित’ हा शब्द केवढा लांब पोचतो बघा. फाटक असलं तरी, रजिस्टरमध्ये नाव लिहून आत सोडलं तरी, तिकीट फाडलं तरीही.

दुसरं टोक ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाखवलं. प्रश्न विम्याचा नव्हता, आंध्र प्रदेशातल्या वाहनकराचा होता. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याचं माल ठेवण्याचं आवार, भोवती भिंत, दारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा, ये-जा फक्त परवाना असलेल्यांची. ही सार्वजनिक जागा नाही, सबब तिथेच राबणाऱ्या गाड्यांवर तेवढ्या काळाचा कर नाही, असा निकाल झाला. या दोन टोकांच्या मध्ये सोलापूर जिल्ह्यातली जवळपास सगळी जमीन येते.

समजा, मोहोळजवळ तुमचं शेत आहे आणि त्यात तुमची एटीव्ही आहे. शेतात तुम्ही, घरचे लोक आणि सालगडी. इथे थर्ड पार्टी विम्याची सक्ती नाही. (कुणाला धडक बसली तर भरपाईची जबाबदारी मात्र कुठेही जात नाही, ती तुमच्याच खिशातून जाईल, एवढाच फरक.) बांध ओलांडून गाडी पाणंदीवर आली की ती सार्वजनिक जागेत आली, मग पाणंद कितीही काट्याकुट्यांची असो. रविवारी तुम्ही शेतावर हुरडा पार्टी ठेवली, माणशी पैसे घेतले, पन्नास पाहुणे आत आले. पूर्णपीठाची कसोटी लावली तर कालपर्यंत खासगी असलेलं तेच शेत आज सार्वजनिक जागा ठरू शकतं. सातबाऱ्यावर एक अक्षर बदललेलं नसतं. सोमवारी पाहुणे गेले की शेत पुन्हा तुमचं! जमिनीचं हे रविवारी एक आणि सोमवारी दुसरं होणं मला या विषयातलं सगळ्यात विलक्षण वाटतं, आणि कृषी पर्यटन करणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ते ध्यानात येतं. शिवाय पाहुण्यांना पैसे घेऊन गाडीवर फिरवलं, तर खासगी गाडीची साधी पॉलिसी तिथेच संपते, कारण भाड्याने वापर तिच्यात बसत नाही. अशा ठिकाणी गाडीची व्यावसायिक पॉलिसी आणि शिवाय शेतावर आलेल्या माणसाला इजा झाली तर भरपाई देणारी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी, अशा दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एकीच्या भरवशावर दुसरी सोडू नये.

आणि नान्नजचं माळरान? गाडी घेऊन उतरायला मोह होईल अशी ती जमीन : सपाट, मुरमाड, गवताळ, क्षितिजापर्यंत मोकळी. पण तो माळढोक अभयारण्याचा भाग आहे. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचा पसारा ८,४९६ चौरस किलोमीटर होता, म्हणजे त्यात गावंच्या गावं, शहरं, शेतं सगळं आलं होतं. २०१२ मध्ये तो सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणला गेला. माळढोक घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. काळवीट आणि लांडगेही याच गवतात. वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय आत जाणं हाच गुन्हा आहे, आणि तिथे काही झालं तर कुठली पॉलिसी काय म्हणेल याची चर्चाच करू नये. तिकडे गाडी घालू नका.

विम्याच्या जुन्या कागदांत हे ‘स्वतःचं आवार’ फार पूर्वीपासून ओळखीचं आहे. २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमध्ये पॉलिसीला जोडायच्या पुरवण्या क्रमांकाने दिल्या आहेत. ‘ओन डॅमेज’चे, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांच्या हातात गेले, तरी शब्दांचा साचा बराचसा तिथूनच येतो. त्यातली १३ क्रमांकाची पुरवणी अशी : गाडी फक्त मालकाच्या आवारातच वापरली जाईल, आवाराबाहेर काही झालं तर कंपनी जबाबदार नाही, अपवाद एकच, गाडी आग विझवण्याच्या कामासाठी मुद्दाम लागली तर! पुढे आवाराचा खुलासाही आहे : जिथे लोकांना सर्वसाधारण प्रवेशाचा हक्क नाही अशी जागा. रुक्ष कलमांच्या जंगलात कुणीतरी थांबून विचार केला होता की शेजारी आग लागली तर माणूस आपल्या गाडीला आवार ओलांडू देणारच, आणि देऊ द्यावं. विम्याच्या भाषेत एवढी माणुसकी क्वचित सापडते. फक्त शेतातच राहणाऱ्या गाडीसाठी ही पुरवणी आजही विचारून पाहण्याजोगी आहे. मात्र ती लावून घेतली की पाणंदीवर गाडी काढायची नाही, हे पाळावं लागतं.

युरोपने हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला, आणि त्याचं कारण होतं एक शिडी. ऑगस्ट २००७ मध्ये स्लोव्हेनियातल्या एका शेतावर गवताचे भारे कोठाराच्या माळ्यावर चढवले जात होते. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट मागे घेताना शिडीला धडकला आणि शिडीवरचा माणूस खाली पडला. शेत खासगी, अंगण खासगी, ट्रॅक्टर त्या क्षणी वाहन नव्हे तर अवजार. विमा कंपनीने हात वर केले. खटला युरोपीय न्यायालयात गेला आणि ४ सप्टेंबर २०१४ रोजी निकाल लागला : गाडीचा वापर तिच्या नेहमीच्या कामाला धरून असेल, तर सक्तीच्या विम्यात तो आला. या एका वाक्याने खळबळ उडाली. मग शर्यतीच्या गाड्या? बागेतली गवत कापायची गाडी? ब्रिटनने २०२२ मध्ये खास कायदा करून हा निकाल आपल्या देशापुरता पुसून टाकला. युरोपीय संघाने मात्र २०२१ च्या निर्देशात तो तत्त्वतः स्वीकारला आणि शर्यतींसाठी वेगळी वाट ठेवली. गाडी वाहन म्हणून वापरली जात असेल तर जमीन कोणतीही असो, गाडी उभी असो वा चालती, विमा हवा, असं त्यात म्हटलंय. तिथे कायद्याने जमीन बघणं सोडलं. आपल्याकडे अजून सगळ्यात आधी जमीनच बघतात.

इथवर दुसऱ्याच्या नुकसानीचं झालं. आपल्या गाडीचं काय? खासगी मोटारीच्या ‘फुल इन्शुरन्स’चा कागद वाचताना पहिला धक्का सुखद असतो : त्यात रस्त्याचा उल्लेख शोधून सापडत नाही. भौगोलिक क्षेत्र या रकान्यात ‘भारत’ असं लिहिलेलं असतं, ‘भारतातले रस्ते’ असं नाही. कशाकशाची भरपाई मिळेल याची यादीही मजेदार आहे : आग, वीज, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दरड, अपघात, अगदी गाडी लिफ्टमधून नेताना झालेलं नुकसानसुद्धा. यादीत हिम पडण्याचाही उल्लेख आहे. मे महिन्यात सोलापुरात ती ओळ वाचून पाहा.

दुसरा धक्का वापराच्या मर्यादांत बसतो. भाड्याने वापर नाही, मालवाहतूक नाही (फिरत्या विक्रेत्याचे नमुने आणि आपलं सामान सोडून), आयोजित शर्यत नाही, वेगाची चाचणी नाही, आणि ज्याला इंग्रजी कागद ‘रिलायबिलिटी ट्रायल’ म्हणतो ती गाडीच्या दमाची परीक्षाही नाही. मित्रांनी मिळून माळावर थार चालवणं यात येत नाही. पण क्लबने झेंडे रोवले, वेळ मोजली, नंबर काढले, की प्रकरण वेगळं झालं. त्यासाठी ३१ क्रमांकाची पुरवणी आहे. तिच्यात स्पर्धेचं नाव, ठिकाण, तारीख आणि आयोजक लिहायला रिकाम्या जागा ठेवलेल्या असतात. अशा एखाद्या कार्यक्रमाला जायचं असेल तर त्या जागा आधी भरून घ्या. तरी निव्वळ शर्यत आणि वेग याही पुरवणीत बसत नाहीत.

आता टायर. सोलापुरी माळावर गाडीचा पहिला शत्रू खडक नव्हे, वेडी बाभूळ. तिचा काटा टायरमधून आरपार जातो, आणि प्रमाणित पॉलिसीत नुसतं टायरचं नुकसान भरून मिळत नाही. त्याच वेळी गाडीलाही मार बसला असेल तरच, आणि तेही निम्मं. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकच्या सुट्या भागांवरही पन्नास टक्के घसारा कापतात, फायबरवर तीस. ऑफ-रोडिंगमध्ये नेमकं हेच तुटतं : बंपरची खालची पट्टी, चाकावरची आच्छादनं, मडफ्लॅप. म्हणून अशा गाडीला घसारा न कापणारी झीरो डेप ही पुरवणी शहरातल्या गाडीपेक्षा जास्त उपयोगाची. गाडी अडकली तर जवळच्या गॅरेजपर्यंत ओढून नेण्याचा खर्च प्रमाणित शब्दांत एका अपघातामागे १,५०० रुपयांपर्यंतच धरलेला असतो. अपघात न होता नुसती चिखलात रुतलेली गाडी तर त्यातही येत नाही. काळ्या रानात पाऊस पडल्यावर जेसीबी बोलावून बघा, म्हणजे १,५०० रुपयांची किंमत कळेल.

एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. दगड लागून गाडीखालचं ऑइल चेंबर फुटतं, ऑइल गळतं, दिवा लागतो, आणि माणूस म्हणतो, चला, टेंभुर्णीपर्यंत नेऊ. इंजिन जाम होतं. पॉलिसीत स्पष्ट लिहिलंय की अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाचं. चेंबरचे काही हजार मिळतात, इंजिनचे लाखभर जातात.

पाण्याची गोष्ट याहून थरारक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेला पूर ज्यांनी पाहिला त्यांना गाड्या पाण्यात जाणं म्हणजे काय ते सांगायला नको. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो. डिझेल इंजिनात ती साधारण पंधरा-सोळा पट दाबली जाते, तिने इतकं तापायचं की ठिणगीशिवाय डिझेल पेटावं. हवेऐवजी पाणी आत गेलं तर? पाणी दबत नाही. चाकांच्या आणि फ्लायव्हीलच्या जोराने वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि ताकद कुठेतरी जायलाच हवी म्हणून पिस्टनचा पोलादी कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बंद असताना पुराचं पाणी आत शिरलं, तर ते पुराचं नुकसान. पण पाण्यात बंद पडलेली गाडी मालकाने पुन्हा स्टार्ट केली आणि त्या एका सेकंदात रॉड वाकला, तर कंपनी म्हणते की हे पुराने नाही, चावीने केलं. याच खिंडीसाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाची पुरवणी विकली जाते. ओढ्यातून गाडी घालणाऱ्याने ती घ्यावीच, आणि तिच्यातही पुन्हा स्टार्ट करण्याबद्दल काय लिहिलंय ते बघावं.

हप्त्याकडे वळलं की आणखी एक गंमत. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या थर्ड पार्टी दरांत खासगी मोटारीचे तीन गट होते : १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६, त्यापुढे ७,८९७; कर वेगळा. जिम्नीचं इंजिन १,४६२ सीसीचं, गुरखाचं २,५९६ चं. दोघी चारही चाकं फिरवत त्याच चढावर चढतात, पण एकीचा हप्ता दुसरीच्या निम्म्याहून कमी. एकट्या थारमध्येही हा खेळ आहे : मागची दोनच चाकं फिरवणारी १,४९७ सीसीची डिझेल थार मधल्या गटात, तर २,१८४ सीसीची वरच्या. म्हणजे ३ सीसीने उंबरठा हुकवून गाडी हजारो रुपये वाचवते. दुचाकीतही तसंच : १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये, त्यापुढे २,८०४; त्यामुळे एक्सपल्स २०० खालच्या गटात, हिमालयन वरच्या. दर ठरवताना गाडी कुठे जाऊ शकते हे कुणी विचारत नाही, इंजिनाचं पोट तेवढं मोजतात.

गाडीला बसवलेल्या वस्तूंचं मात्र विचारतात. विंच (रुतलेली गाडी ओढून काढणारी चरखी), स्नॉर्कल (पाण्याच्या वरून इंजिनाला हवा देणारी नळी), उंच केलेलं सस्पेन्शन, रुंद टायर, छतावरचे दिवे. कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. पुढचे लोखंडी बुल-बार तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने बेकायदा ठरवले. जे बसवणं कायदेशीर आहे ते आरसी बुकात आणि पॉलिसीत, किमतीसकट, नोंदवून घ्यावं. न सांगितलेली विंच फक्त स्वतःची भरपाई घालवत नाही. तिच्यामुळे अख्खा क्लेम अडकू शकतो.

शेवटी पुन्हा ट्रॅक्टर, कारण सोलापुरात खरी माणसं त्याच्यामागे बसलेली असतात. वऱ्हाड ट्रॉलीत, आषाढीला पंढरपूरला जाणारी आजी ट्रॉलीत, मजूर बायका ट्रॉलीत. कायद्याच्या व्याख्येनुसार ट्रॅक्टर स्वतः कुठलाही भार वाहण्यासाठी बनवलेला नसतो. चालकाची एक सीट, बस्स. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात ठरवलं, त्याला आता वीस वर्षं उलटली. २०१८ मध्ये शिवराज खटल्यात ट्रॅक्टरवर बसलेला माणूस जखमी झाला होता. न्यायालयाने कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि मग ती मालकाकडून वसूल करायला सांगितलं. जखमीला पैसे मिळाले, ते शेवटी ट्रॅक्टरवाल्याकडूनच जाणार होते. देवदर्शनाला नेलेली ट्रॉली जमीन विकायला लावू शकते, आणि विम्याचा कागद घरात असतानासुद्धा! याला हौशी वाहनाचा विषय म्हणा की नका म्हणू, जिल्ह्यात रस्ता सोडून सगळ्यात जास्त माणसं याच गाडीतून जातात.

भारतात मोटारीचा विमा सक्तीचा झाला १ जुलै १९४६ पासून. तेव्हा कल्पना एकच होती : रस्त्यावर चालणाऱ्या अनोळखी माणसाला धडक बसली तर त्याला भरपाई मिळावी. शेतातल्या, माळावरच्या, हुरडा पार्टीतल्या गाडीचा तेव्हा कुणी विचार केला नव्हता आणि आजही फारसा केलेला नाही. तो तुम्हालाच करावा लागेल.

पुढच्या नूतनीकरणाला एजंटला फोनवर ‘सगळं कव्हर आहे ना?’ असं विचारू नका; तो हो म्हणेल. कंपनीला चार ओळींचं ईमेल पाठवा : गाडी कुठल्या जमिनीवर चालते, तिथे बाहेरचे लोक येतात का, पैसे घेता का, काय काय बसवलंय, पाण्यात घालता का. आणि ‘यात नुकसानभरपाई मिळेल का’ याचं उत्तर लेखी मागा. उत्तर आलं नाही, किंवा क्लेम नाकारला आणि तक्रार करूनही कंपनीने ऐकलं नाही, तर सोलापूरकरांसाठी विमा लोकपालाचं कार्यालय पुण्याला आहे. तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही.